म्हशीची पावती

शनिवारी दुपारी साडेतीनला आमच्या वाचनालयात चाचा 'इश्यू' होतात. हे वाक्य मी एकदा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर बोलून गेले आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

चाचा म्हणजे जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आमच्या 'जाणत्यांच्या वही'त त्यांचा नंबर एक. वहीची कल्पना माझी नाही, उसनी आहे. एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, की डेन्मार्कमध्ये २००० साली एका संगीत महोत्सवात 'माणसांचं ग्रंथालय' भरवलं गेलं. पुस्तकाऐवजी माणूस न्यायचा, अर्धा तास त्याच्याशी बोलायचं, परत आणून सोडायचा. त्यांचा हेतू होता माणसांच्या मनातल्या अढी काढण्याचा. आमची गरज वेगळी होती. आमच्याकडे कागद होते आणि वाचणारे नव्हते.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सरकारी कामकाज उर्दूत. त्यामुळे आमच्याकडे घरोघर ट्रंकेच्या तळाशी, नाहीतर देव्हाऱ्यामागे, पिवळ्या कागदांची एक पुरचुंडी असतेच. ज्यांना ती वाचता येत होती ते आजोबा गेले. नातवंडं पुण्याला गेली. कागद तेवढे राहिले. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली लिहून ठेवलं, की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत हे सूत्र मी चार मार्कांना लिहिलं होतं. त्याचा अर्थ कळला तो या पुरचुंड्या पाहून.

वहीत आज उर्दू वाचणारे दोघं आहेत. मोडी वाचणारी एक कॉलेजची मुलगी आहे, तिनं पुराभिलेखवाल्यांचा वर्ग केलाय. विहिरीचं पाणी सांगणारे एक आजोबाही आहेत, पण त्यांना अजून कुणी नेलेलं नाही. नियम तीनच. एका माणसाला वीस मिनिटं. मूळ कागद घरी न्यायचा, आमच्याकडे फक्त फोटो ठेवायचा, तोही घरच्यांनी हो म्हटलं तर. आणि वाचून दाखवू, लिहूनही देऊ, पण वाचनालयाचा शिक्का मारणार नाही. हा तिसरा नियम कार्यकारी मंडळानं घालायला लावला. एक सदस्य तर स्पष्टच म्हणाले होते, "वाचनालय चालवायचंय का तहसील?" तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, बरं झालं घातला.

२०२३ च्या सप्टेंबरात मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी सरकारनं निजामकालीन नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली आणि आमचा शनिवार बदलला. आधी महिन्याला दोन-तीन माणसं यायची. आता पायऱ्यांवर रांग. अभ्यासिकेतली पोलीस भरतीची पोरं आपणहून उठून नंबर लावायची, फोटो काढायची. मी देवघेवीच्या टेबलावरून हे बघत बसायचे. पंधरा वर्षांत दिवाळी अंकांसाठीसुद्धा एवढी रांग लागली नव्हती.

असाच एक शनिवार. एक पंचविशीतला मुलगा आला, सोबत ऐंशीच्या पुढची आजी.

"मॅडम, हितं उर्दू वाचून देतेत म्हणं?"

धाकट्या बहिणीला नर्सिंगला घालायचं होतं, त्याआधी दाखला पाहिजे होता. आजीनं पदराखालून पिशवी काढली, पिशवीतून रुमाल, रुमालातून तीन कागद. तिसऱ्या कागदावर हळदीकुंकवाचे जाड थर होते. दसऱ्याला शस्त्रांबरोबर हाही पुजतात म्हणे. "जमिनीचा मूळ कागद हाय तो," आजी म्हणाली. "त्याला कुनी हात लावत न्हाई."

चाचांनी चष्मा पुसला. ही त्यांची सवय, कागद अवघड दिसला की चष्मा पुसतात. शिकस्ता अक्षर म्हणजे घाईत लिहिलेलं, नुक्ते म्हणजे अक्षरांची टिंबं गाळलेलं, एका शब्दात दुसरा अडकलेला. त्यात रकमा आकड्यांत नसतात, हिशेबाच्या जुन्या खुणांत असतात. त्या खुणा चाचांनाही सगळ्या येत नाहीत. येत नसेल तर ते सरळ "नहीं आता" म्हणतात, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

पहिला कागद शेतसाऱ्याची पावती निघाली. साल १३५१ फसली, म्हणजे निजामाच्या कारभारातलं सन. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, तर १९४१. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून महिना बघूनच साल पक्कं करायचं. हे आता आमच्या शिपायालाही पाठ आहे.

"नाव आहे तुमच्या पणजोबांचं," चाचा म्हणाले. "पुढं लिवलंय, काश्तकार."

पोरगा उठून उभाच राहिला. "म्हंजे कुणबी!"

"काश्तकार."

"शेती करणारा ना? मग कुणबीच की चाचा. तुम्ही मराठीत लिहिताना कुणबी लिवा."

रांगेतली माणसं गप्प झाली. प्रत्येकाच्या पिशवीत असाच कुठलातरी काश्तकार असणार.

चाचांनी कागद उलटा फिरवून त्याच्यापुढे धरला. "बेटा, काश्तकार तर मी पण होतो, माझ्या बापाची चार एकर होती. इथं कौमचा, म्हंजे जातीचा, रकानाच नाही. जे नाही ते मी कसं वाचू?"

"एका शब्दानं तुमचं काय जातंय?" तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही सांगा."

खरं सांगते, मला पटकन बोलता आलं नाही. त्या मुलीचं वर्ष माझ्या डोळ्यासमोर होतं. पण आज चाचांनी एक शब्द वाढवला, तर उद्यापासून त्यांनी वाचलेला एकही शब्द कुणी खरा मानणार नाही. मी म्हणाले, "दादा, आम्ही वाचून देतो. लिहून देत नाही." वाक्य बरोबर नव्हतं, लिहूनही देतो आम्ही. पण त्याला कळलं. त्याला सांगितलं, की घरच्या पावत्यांत जात सापडायची शक्यता कमी, पणजोबांच्या काळचं गावच्या शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर बघ, तहसीलच्या अभिलेखात जमिनीच्या नोंदीचं खासरा पत्रक बघ. त्यानं ऐकलं की नाही, माहीत नाही. "चल आज्जे," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

आजी हलली नाही. "अजून दोन हायेत की."

दुसरा कागद लेव्हीचा. सरकारात दोन पल्ले ज्वारी घातल्याची पावती. एक पल्ला म्हणजे १२० शेर. आजीनं नुसती मान हलवली.

मग तो पुजलेला कागद. चाचांनी कुंकवाचा थर नखानं न खरवडता, कागद तिरपा धरून, उजेड एका बाजूनं घेत वाचायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि थांबले. परत पहिल्यापासून वाचलं. त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"अम्मा, रागावू नका. दै महिना, १३५२ फसली. म्हंजे १९४२ चा नोव्हेंबर. मवेशीखाना." माझ्याकडे बघून म्हणाले, "आपला कोंडवाडा. भैंस एक रास, म्हंजे एक जनावर, रंग काळा, डावं शिंग मोडलेलं. पराया शेतात शिरली. जुर्माना आठ आणे, खुराक चार आणे, सिक्का हाली."

निजामाचं नाणं हाली, इंग्रजांचं कलदार. सात हालीला सहा कलदार असा भाव. बारा आणे हाली भरून सोडवलेल्या म्हशीच्या पावतीला त्या घरानं ऐंशी वर्षं हळदकुंकू वाहिलं होतं.

मला वाटलं, आजीला लागेल हे. आजीनं तोंडाला पदर लावला, खांदे हलायला लागले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर ती हसत होती.

"आगं माय! मोडक्या शिंगाची!"

आणि मग तिनं वीस मिनिटांचा नियम मोडला. सासूबाई सांगायच्या त्या म्हशीचं. धार काढताना सासूशिवाय कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. पाटलाच्या ज्वारीत शिरली, मामंजी दोन दिवस पैशाला हिंडले, शेवटी सासूनं पायातलं एक जोडवं मोडलं. म्हैस घरी आली आणि त्याच वर्षी रेडी झाली, तिच्या वंशावर घर चाललं. "आम्हाला वाटायचं, म्हातारी उगं वाढवून सांगती." रांगेतलं कुणी 'चला आवरा' म्हणालं नाही. अभ्यासिकेतली दोन पोरं दारात येऊन उभी होती.

निघताना मी विचारलं, आता काय करणार या कागदाचं? आजीनं तो पुन्हा रुमालात बांधला. "पुजणार की. म्हस काय लक्ष्मी न्हाई का?"

आठ-दहा दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोटो आला. शाळेच्या जुन्या रजिस्टरचं पान, उर्दूत, वाळवी लागलेलं. खाली मजकूर: 'चाचा शनिवारी हायत का?' मी लिहिलं, 'साडेतीनला.'

त्या पावतीच्या फोटोची छापील प्रत आजीच्या परवानगीनं आमच्याकडे आहे. दाखल करायची म्हणजे वर्गांक, विषयाचा नंबर, द्यायला हवा. मी ९५४ खाली घालत होते, हिंदुस्थानचा इतिहास. चाचा म्हणाले, पशुपालनात घाला. म्हणजे ६३६. प्रत अजून माझ्या टेबलावरच आहे, काचेखाली.