हाफटाइमला झोपलेला माणूस

आमच्या टोळक्यात एक जण असा आहे, की त्याची ओळख करून देताना नाव, गाव, नोकरी काहीच सांगावं लागत नाही. 'हा हाफटाइमला झोपला होता', एवढं पुरतं. आम्ही सगळे लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचे चाहते. लिव्हरपूलचा चाहता 'कुठल्या मॅचच्या?' असं विचारत नाही. तो 'अरेरे' म्हणतो आणि याच्या खांद्यावर हात ठेवतो, घरातलं कुणी गेल्यासारखा.

२५ मे २००५, इस्तंबूल. चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल, समोर इटलीचा एसी मिलान. आपल्या घड्याळात मॅच सुरू झाली मध्यरात्री सव्वाबाराला. पहिल्याच मिनिटात माल्दिनीचा गोल. मग हाफटाइमच्या तोंडावर क्रेस्पोचे दोन. त्यातल्या दुसऱ्यासाठी काका या मिलानच्याच खेळाडूनं मागून जो पास सरकवला तो बघून तोंडातून 'वा' निघून गेलं, आणि समोरच्यांच्या गोलला आपल्या तोंडून 'वा' निघालं की समजावं, आजचं संपलं. ०-३. रात्रीचा एक वाजून गेलेला, सकाळी कामावर जायचं. आमच्या मित्रानं टीव्ही बंद केला, दिवा मालवला आणि पांघरूण ओढलं. कुठल्याही व्यवहारी माणसानं हेच केलं असतं.

पुढचं जगाला ठाऊक आहे. ५४व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या जेरार्डचा हेडर, ५६व्याला श्मित्सरनं लांबून मारलेला गोल, ६०व्याला अलोन्सोची पेनल्टी. ती गोलकीपरनं अडवली, तर परत आलेला चेंडू त्यानंच वर जाळ्यात हाणला. सहा मिनिटांत ३-३. मग अर्धा तास जादा वेळ, मग पेनल्टी शूटआउट, आणि आपल्या पहाटे तीनच्या सुमारास कप लिव्हरपूलचा. सकाळी मी फोन केला तेव्हा यानं जांभई देत विचारलं, "शेवटी किती चढवले आपल्यावर?" मी सांगितलं. त्याला थट्टा वाटली. मग त्याला वाटलं, मी स्वप्न बघितलं. मग तो बराच वेळ काही बोललाच नाही.

गंमत अशी, की वीस वर्षांनंतर त्या मॅचवरून आमच्यात वाद झाला तर निवाड्याला आम्ही त्याच्याकडेच जातो. आम्ही जागे होतो, मॅच एकदा पाहिली आणि त्या भांडवलावर आजवर जगलो. त्यानं ती पुढं इतक्या वेळा पाहिली, की कोणत्या मिनिटाला थ्रो-इन कुणी घेतला तेही सांगेल. मी एकदा ठासून सांगत होतो, श्मित्सर हाफटाइमनंतर आला म्हणून. (या माणसाला आम्ही बरीच वर्षं 'स्मायसर' म्हणत होतो. तेही त्यानंच सुधारलं.)

"तेविसाव्या मिनिटाला आला," तो म्हणाला. "क्युएल दुखावला म्हणून. हाफटाइमला आला तो हामान, फिननच्या जागी. अरे, तिथंच तर मॅच फिरली! हामान मध्ये उभा राहिला, काकाचं मोकळं रान गेलं आणि जेरार्ड पुढं जायला सुटा झाला. तू जागा होतास ना?"

"होतो की."

"मग हामान आलेला दिसला नाही तुला?"

इतक्या वर्षांनी असं बारीकसारीक कुठं लक्षात राहतं, असं काहीतरी मी पुटपुटलो आणि विषय बदलला.

आम्ही जमलो की जुन्या मॅचेसचा विषय निघतोच; काढावा लागत नाही. आणि इतक्या बैठकांनंतर माझ्या एक लक्षात आलंय. थोर खेळाडूंबद्दल आम्ही फार बोलतच नाही. डॅलग्लिश, रश, जेरार्ड ही नावं निघाली की सगळे माना डोलावतात आणि तिथंच ते संपतं. देवळात गेल्यावर गाभाऱ्यापुढं हात जोडून आपण लगेच बाहेर येतो. टेकतो मात्र ओवरीत. गप्पा व्हायच्या त्या तिथं होतात. आमच्या ओवरीत बसलेली मंडळी वेगळीच आहेत.

उदाहरणार्थ जिमी त्राओरे. लेफ्ट बॅक, डाव्या बाजूचा बचावपटू. लेफ्ट बॅक म्हणजे शाळेच्या टीममध्ये जो पोरगा कुठं ठेवावा कळत नाही, त्याची जागा. जानेवारी २००५ मध्ये एफए कप या इंग्लिश स्पर्धेत बर्नलीसमोर, स्वतःच्या गोलच्या अगदी दारात, या माणसाला गिरकी घ्यायची लहर आली. त्यानं चेंडू तळपायाखाली मागं ओढला, आणि तो सरळ आपल्याच जाळ्यात. त्या एका गोलवर लिव्हरपूल स्पर्धेबाहेर, तेही खालच्या डिव्हिजनच्या क्लबकडून. चार महिन्यांनी हाच त्राओरे इस्तंबूलच्या फायनलमध्ये. माल्दिनीचा गोल ज्या फ्रीकिकवर झाला, तो फाउल याचाच. हाफटाइमला मॅनेजर बेनितेझनं सांगितलं, तू बाहेर. यानं बूट काढले. तेवढ्यात फिजिओनं येऊन सांगितलं, फिननचा पाय पुढं चालणार नाही. घाला बूट परत. आणि ३-३ झाल्यावर मिलानच्या शेवचेन्कोचा एक फटका आमचा गोलकीपर दुदेक याला चकवून आत निघाला होता, तो गोललाइनवरून काढला त्राओरेनं. एका मोसमात एवढे चढउतार एखाद्या सरदार घराण्यालाही सोसवले नसते. याची गोष्ट सांगायला घेतली की अर्धा तास कुठं गेला कळत नाही. जेरार्डच्या गोष्टीला अर्धा तास लागत नाही. तो महान होता. झालं.

श्मित्सरचंही तेच. त्याचा करार वाढवणार नाहीत हे त्याला आधीच कळलेलं. लिव्हरपूलच्या शर्टातली ही शेवटची मॅच, आणि तिथंही तो पहिल्या अकरांत नाही. क्युएल दुखावला नसता तर कदाचित बाकावरूनच गावी गेला असता. त्याऐवजी त्यानं एक गोल केला, शूटआउटमधली आपली पेनल्टी आत घातली आणि छातीवरच्या बिल्ल्याचं चुंबन घेतलं. क्लबसाठी मारलेला शेवटचा फटका तो. निरोप समारंभ असावा तर असा. नाहीतर आपल्याला नारळ आणि शाल मिळते.

पण गप्पांमध्ये माझा सगळ्यात लाडका धागा आहे तो लटपटणाऱ्या पायांचा. १९८४ ची युरोपियन कपची (चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव) फायनल रोममध्ये होती, आणि समोर रोमाच. म्हणजे पाहुण्यांनी नवऱ्यामुलीच्या मांडवात जाऊन हुंडा मागण्यातला प्रकार. १-१ अशी बरोबरी, मग पेनल्टी. लिव्हरपूलचा गोलकीपर ब्रूस ग्रोबेलार. ग्रात्सियानी पेनल्टी घ्यायला पुढं आला तेव्हा ग्रोबेलारनं गुडघ्यांत जीव नसल्यासारखे पाय लटपटवायला सुरुवात केली. घाबरल्याचं सोंग. ग्रात्सियानीचा फटका बारवरून गेला. शेवटची निर्णायक पेनल्टी मारली ॲलन केनेडीनं, आणि तो कोण? तर लेफ्ट बॅक. याच केनेडीनं तीन वर्षांपूर्वी, १९८१ च्या पॅरिसच्या फायनलमध्ये, रेआल माद्रिदविरुद्ध एकमेव गोल केला होता. ज्या टीममध्ये डॅलग्लिश खेळत होता तिथं दोन युरोपियन कपांवर शेवटची मोहोर उठवली लेफ्ट बॅकनं. ओवरीचा महिमा.

आता एकवीस वर्षं पुढं या. इस्तंबूल, शूटआउटच्या आधीची घालमेल. आमचा बचावपटू कॅरागर धावत दुदेककडं जातो आणि त्याला सांगतो, ग्रोबेलार आठवतो ना, तसं कर. १९८४ मध्ये कॅरागर सहा वर्षांचा आणि दुदेक पोलंडमधला अकरा वर्षांचा पोर. त्यातही कॅरागर लहानपणी कट्टर एव्हर्टनचा, म्हणजे गावातल्याच वैऱ्याच्या वाड्यात वाढलेला. तरी शेजारघरची आठवण त्याच्याकडं बरोबर जपलेली. दुदेक गोललाइनवर नाचायला लागला, हात हलवायला लागला. मिलानच्या सर्जिन्योचा फटका वरून गेला, पिर्लोचा दुदेकनं अडवला आणि शेवटचा शेवचेन्कोचाही. जुन्या मॅचेसच्या गप्पा मारून काय मिळतं, असं घरी कुणी विचारलं की मी हे उदाहरण देतो. अजून कुणाला पटलेलं नाही.

नव्या जमान्यात ही गादी ओरिगीकडं गेली. एरवी बाकावर बसणारा माणूस. ७ मे २०१९ ला सालाह आणि फर्मिनो दोघंही जायबंदी म्हणून बार्सिलोनाविरुद्ध तो खेळला. दोन मॅचेसची लढत, त्यातली पहिली ०-३ हरलेलो. त्या रात्री ॲनफील्डवर, आमच्या घरच्या मैदानावर, ४-० झाले. दोन ओरिगीचे, दोन वाइनाल्डमचे, आणि वाइनाल्डमही हाफटाइमला सब म्हणून आलेला. चौथ्या गोलच्या वेळी अलेक्झांडर-अर्नल्ड कॉर्नरपासून दूर निघाल्यासारखं दोन पावलं चालला आणि झटक्यात वळून चेंडू मारला. बार्सिलोनाची मंडळी आपसात बोलत उभी. त्यांच्याइतकेच आम्हीही बेसावध होतो. मी तर तो गोल रिप्लेमध्येच पाहिला, आणि त्याबद्दल मला अजिबात लाज वाटत नाही. हाफटाइमला झोपणारा मात्र त्या रात्री डोळ्यांत तेल घालून बसला होता. २००५ पासून तो कुठल्याच मॅचला झोपलेला नाही. ०-५ असलं तरी बसतो. हरलेल्या किती मॅचेस त्यानं शेवटपर्यंत सोसल्या असतील, देव जाणे.

कुठल्या मॅचची गोष्ट होते आणि कुठलीची होत नाही, याचाही काही नियम सापडत नाही. ३ एप्रिल १९९६ ला न्यूकॅसलविरुद्ध आम्ही ४-३ जिंकलो. कोलिमोरनं अगदी शेवटी चौथा गोल मारला, आणि न्यूकॅसलचे मॅनेजर केव्हिन कीगन जाहिरातीच्या फळीवर कोसळल्यासारखे वाकले. कीगन म्हणजे आमचेच एकेकाळचे लाडके. त्यांची ती वाकलेली पाठ बघून आनंद करावा की हळहळावं, कळेना. त्या मॅचचा इंग्लिश लीग जिंकायला उपयोग शून्य झाला. लीग नेली मँचेस्टर युनायटेडनं. तरी त्या मॅचची सात वळणं आम्हाला पाठ आहेत. उलट २०१९-२० मध्ये तब्बल तीस वर्षांनी लीग मिळाली, ९९ गुण, सात सामने राखून. त्या मोसमाची गोष्ट कुणी काढतच नाही. काय सांगणार? जिंकलो, मग पुन्हा जिंकलो. शेवटी कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये कप उचलला. ज्या घासासाठी तीस वर्षं जीव टाकला, तो ताटात आला तेव्हा पंगतीला कुणीच नव्हतं.

आणि २०१४ चा एप्रिल आम्ही काढत नाही. चेल्सीविरुद्ध जेरार्डचा पाय घसरला आणि हातातली लीग गेली. टोळक्यात कुणी नवा आला आणि त्यानं तो विषय काढलाच, तर कुणीतरी उठून पाणी आणायला जातं.

काही आठवणींच्या वेळी आवाज आपोआप खाली येतो. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो स्टेडियम. एफए कपची सेमीफायनल बघायला गेलेली माणसं गर्दीत चिरडली; आज तो आकडा ९७ आहे. दोष चाहत्यांवरच ढकलला गेला. जे तिथं होते त्यांनी आणि गेलेल्यांच्या घरच्यांनी आपण काय पाहिलं ते सांगायचं सोडलं नाही, आणि २०१६ मध्ये, सत्तावीस वर्षांनी, चौकशीच्या ज्यूरीनं चाहत्यांचा दोष नव्हता असं सांगितलं. त्यांच्या आठवणी आणि आमच्या गप्पा एका तागडीत घालायची माझी छाती नाही. आणि हेही लिहिलं पाहिजे, की हिल्सबरोच्या चार वर्षं आधी ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलचे चाहते धावून गेले, भिंत पडली आणि ३९ माणसं मेली, बहुतेक युव्हेंटसचे चाहते. ते आम्ही कमी आठवतो. आठवायला हवं तितकं नाहीच.

तर, हाफटाइमला झोपलेला माणूस. त्याला सगळं माहीत असूनही त्याचा एक प्रश्न कायम आहे. परवाही त्यानं विचारला. सगळे उठायला लागले की तो मला बाजूला गाठतो. "खरं सांग, ०-३ असताना, पुढचं काहीच ठाऊक नसताना, आत काय वाटत होतं?" कारण रेकॉर्डिंगमध्ये त्याला सगळं मिळालं, पुढचं ठाऊक नसणं तेवढं मिळालं नाही. तो कितीही वेळा बघो, जेरार्ड ५४व्या मिनिटाला हेडर मारणार हे त्याला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं.

मी दर वेळी सांगतो. म्हणतो, हाफटाइमला स्टेडियममधले लिव्हरपूलवाले गायला लागले, आणि ०-३ असताना ते गाणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आत कुठंतरी वाटलं, अजून काहीतरी आहे. तो श्वास रोखून ऐकतो. दर वेळी त्याच जागी त्याचे डोळे भरतात.

हाफटाइमला मी सोफ्यावर आडवा झालो होतो. टीव्ही बंद करायचा होता, पण रिमोट घरंगळत सोफ्याखाली गेलेला आणि वाकून काढायचा कंटाळा आला. जाग आली ती जेरार्डच्या गोलनंतरच्या आरडाओरड्यानं. गाण्याचं मी नंतर वाचलं. हामान आत येताना दिसणं तर शक्यच नव्हतं.

हे मी त्याला सांगितलेलं नाही. पुढं मात्र मी टक्क जागा होतो. श्मित्सरचा गोल मी स्वतः पाहिलाय. बहुतेक.