फ्रेम ठरली, मागच्या खाचेवरून

रविवार, रात्री उशिरा

शेवटी फ्रेम ठरली. दोन महिने डोक्यात हेच चाललं होतं. हात अजून ग्रीसने काळे आहेत पण आजच लिहून ठेवते, नाहीतर का ठरवलं तेच विसरेन आणि परत त्या दुसऱ्या फ्रेमचे फोटो बघत बसेन.

दुसरी म्हणजे ट्रॅक फ्रेम, ट्रॅकवरच्या शर्यतींच्या सायकलची. कित्येक वर्षं मनात होती. सडपातळ नळ्या, मागचं चाक सीट ट्यूबला (सीटखालच्या उभ्या नळीला) जवळजवळ टेकलेलं, कुठे एक जादा भोक नाही, आणि फिक्स्ड सायकल (चाक फिरतंय तोवर जिचं पेडल फिरतच राहतं ती) म्हणजे अशीच दिसली पाहिजे असं मला मनापासून वाटायचं. अजूनही बघितली की आवडतेच. पण मला रोज कामावर जायला सायकल हवीय, पावसात, अंधारात, पाठीवर सॅक घेऊन, आणि तिथे ती फ्रेम माझ्या उपयोगाची नाही हे कळायला गेल्या पावसाळ्यातली एक रात्र लागली.

तेव्हा मी उसनी आणलेली सायकल चालवत होते, मागे ट्रॅकसारखी खाच (मागच्या चाकाचा एक्सल जिच्यात बसतो ती), म्हणजे तोंड मागच्या बाजूला. मडगार्ड बसवले होते. रात्री मागचं चाक पंक्चर झालं. चाक काढायचं तर आधी पुढे ढकलून चेन उतरवायची आणि मग चाक मागे ओढायचं, आणि मागे ओढलं की टायर सरळ मडगार्डला जाऊन अडतो. हवा गेलेली होती तरी निघेना. मग मडगार्डच्या दोन्ही काड्यांचे स्क्रू सैल केले, एक वॉशर चिखलात पडला तो मोबाईलच्या उजेडात शोधला, ट्यूब बदलली, आणि चाक परत बसवताना तेच सगळं उलट क्रमाने. पाऊण तास. त्या रात्रीपासून मी कुठलीही फ्रेम बघताना आधी मागची खाच बघते, रंगबिंग नंतर.

खाचेच्या तीन तऱ्हा. ट्रॅकची वर सांगितली. दुसरी उभी, हल्लीच्या गिअरच्या सायकलींना असते तशी. मैत्रिणीने तिची जुनी अॅल्युमिनिअमची फ्रेम फुकट देऊ केली होती, ती याच प्रकारची. हलकी, छान, पण उभ्या खाचेत एक्सल पुढेमागे सरकतच नाही आणि फिक्स्डला चेनचा ताण तर चाक सरकवूनच धरायचा असतो. दात्यांचं एखादं गणित नेमकं जुळवून चालवतात लोक, किंवा एक्सेंट्रिक हब (ज्यात एक्सल मध्यापासून बाजूला असतो) घालतात, पण चेन झिजून लांबते तेव्हा ते जुळलेलं गणितही ढिलं पडतं, आणि फिक्स्डची चेन चालत्यात उतरली तर मागचं चाक जाम होऊ शकतं. तिला नको म्हणून सांगितलं.

तिसरी खाच म्हणजे जुन्या रोड सायकलींची, आडवी, तोंड पुढे आणि जराशी खाली. आज घेतली ती हीच. चाक पुढे सरकवलं की चेन आपोआप सैल, तशीच उतरवायची, चाक पुढून खाली निघून येतं, मागच्या मडगार्डला हात लावायची गरज नाही. फक्त पुढच्या बाजूला, चेनस्टेजच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्यांच्या) मधल्या आडव्या पट्टीशी, टायर आणि मडगार्ड यांच्यात पुरेशी मोकळी जागा ठेवायची, नाहीतर तिथे तेच दुखणं सुरू होतं. खाच मोजली तर एक्सल साधारण २८ मिमी सरकतो. चेनचा एक जोड (दोन कड्या) काढला की एक्सल जवळपास १३ मिमी पुढे येतो, मागे एक दाता वाढवला की ३ मिमीच्या आसपास, म्हणजे २८ मिमीमध्ये मला हवं ते सगळं बसतं आणि वर चेन झिजायलाही जागा उरते.

पायाचं राहिलं. मी उंचीने कमी, त्यामुळे माझ्या मापाच्या ट्रॅक फ्रेममध्ये पुढचं चाक पायाच्या फारच जवळ येतं, हेड ट्यूब (हँडलखालची पुढची नळी) उभी आणि चिमटा कमी वाकलेला. साध्या सायकलवर हळू वळताना आपण पेडल थांबवून पाय सावरतो, फिक्स्डवर चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, त्यामुळे बुटाचं टोक टायरला घासलं की हँडल तिथल्या तिथे अडकतं. उसन्या सायकलवर यू टर्न घेताना एकदा असंच झालं होतं, पडले नाही पण छातीत धस्स झालं. बी.बी.च्या (क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, जिथे फिरतात त्या खालच्या सांध्याच्या) मध्यापासून पुढच्या एक्सलपर्यंत टेप लावून बघितलं, मनातल्या ट्रॅक फ्रेममध्ये ५७० मिमी, आजच्या फ्रेममध्ये ५९५. मडगार्ड लावल्यावर थोडं घासेलही कदाचित, पण हे अडीच सेंटिमीटर मला रोज कळणार आहेत.

आता फ्रेमबद्दल. नाव खरवडून गेलंय, स्टिकरचा पत्ता नाही. पण सीटपोस्ट (सीट ज्यावर बसते ती दांडी) निघाला (निघाला यातच अर्धं समाधान, जुन्या स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनिअमचा पोस्ट कधीकधी असा धरतो की काही केल्या हलत नाही) आणि त्यावर २७.२ कोरलेलं दिसलं. सीट ट्यूब बाहेरून २८.६ मिमी असते, त्यात २७.२ चा पोस्ट जातोय म्हणजे नळीची भिंत तिथे ०.७ मिमीपेक्षा जाड असूच शकत नाही. साध्या जाड नळीत २६ च्या आसपासचा पोस्ट जातो. म्हणजे नळ्या चांगल्या आहेत. रेनॉल्ड्स ५३१ असेल का असं मनात येऊन गेलंच, १९३५ पासूनची ती नावाजलेली स्टीलची नळी, पण स्टिकर नसताना तसं म्हणणार नाही.

मग हेड ट्यूबच्या मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाखालून बोट फिरवलं. समोरून धडकलेली सायकल असेल तर तिथे बारीकशी सुरकुती येते, डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागते. काही लागलं नाही. मग दोरा घेतला, एका ड्रॉपआऊटपासून (म्हणजे मागच्या खाचेपासून) हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटपर्यंत ताणून बांधला आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर मोजलं, फरक जेमतेम एक मिमी. इतकी जुनी फ्रेम आणि एक मिमी! दोरा सोडवायचा सोडून थोडा वेळ तशीच बघत बसले.

फ्रेमची मागची रुंदी, दोन खाचांमधली, १२६ मिमी आणि ट्रॅक हब (चाकाचा मधला भाग) १२०. स्टील आहे, दाबून आत आणता येतं, पण ज्या फ्रेमचा दोरा असा सरळ निघाला तिला मी वाकवणार नाही, एक्सलवर दोन्हीकडे ३ मिमीचे वॉशर घालेन.

एक चिंता आहे आणि ती लिहायलाच हवी. रोड फ्रेमचा बी.बी. खाली असतो. २८ मिमी रुंदीचे टायर धरून जमिनीपासून २७ सेंटिमीटरच्या आत येतोय, ट्रॅक फ्रेमला दीड सेंटिमीटर जास्त मिळाला असता. वळणावर पेडल थांबवता येत नाही म्हणजे जमिनीला लागायची भीती. त्यात ही फ्रेम मुळात २७ इंची चाकांसाठी केलेली दिसते, तिथे ७०० सी (हल्लीचं, थोडं लहान) चाक घातलं की अजून ४ मिमी खाली, ते मी वरच्या आकड्यात धरलंय. उपाय म्हणून १७० ऐवजी १६५ चे क्रँक, अरुंद पेडल आणि ३२ चे टायर. त्या ४ मिमीने मडगार्डला जागाही मिळते, ब्रेक मात्र लांब हाताचा लागेल. पुढचा ब्रेक असणारच, त्यावर मला वाद घालायचा नाही.

गिअर ४६ ला १७, म्हणजे पुढे ४६ दाते आणि मागे १७. १६ ला तो जरा जड झाला असता, आणि १७ ला पाय रोखून चाक घसरवलं तर टायर सतरा वेगवेगळ्या ठिकाणी झिजतो, १६ ला फक्त आठ.

झोपायच्या आधी उसन्या सायकलचं मागचं चाक आणि मडगार्ड नुसतंच अडकवून बघितलं. वॉशर अजून नाहीत, चेन नाही, नट हातानेच आवळलेले. चाक पुढे सरकवलं, खाली काढलं, परत घातलं. मडगार्ड जागचं हललं नाही. मग अजून चार वेळा केलं.