वाड्यावरची चित्रपेटी आणि तिचे तीन पावसाळे

जूनचा तिसरा आठवडा होता. सकाळी दूध आणायला गेले तर घराबाहेरच्या चित्रपेटीच्या, म्हणजे कुणीही चित्र ठेवावं आणि आवडलं ते न्यावं अशा पेटीच्या, काचेवर आतून पाणी, म्हणजे अगदी थेंब ओघळतायत, आणि आतल्या चित्रातला केशरी रंग खाली उतरून कागदाच्या कडेला साचलेला. शेजारच्या ताईंच्या नऊ वर्षांच्या धाकटीचं चित्र होतं ते, आजी बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसून आबोलीचा वळेसर (गजरा) करतेय असं. स्केचपेननं काढलेलं. आबोली सगळी वाहून गेली होती आणि आजीच्या लुगड्यावर हिरवट काळी बुरशी. त्या मुलीला काय सांगू हेच मला कळेना, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मलाच जास्त रडू आलं, कारण पेटी मी बनवली होती आणि "यात काही होणार नाही गं, पूर्ण पॅक आहे" असं मीच तिला छातीठोकपणे सांगितलं होतं.

आता थोडं मागे जाते. आम्ही गोव्यात फोंडा तालुक्यात राहतो, वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीवर, तीसेक घरं, आणि आमच्या कंपाउंडला लागूनच देवळाकडे जाणारी पायवाट. पेटीची कल्पना काही माझी नाही. अमेरिकेत सिएटलला स्टेसी मिल्रनी नावाच्या चित्रकर्तीनं 2020 च्या डिसेंबरात आपल्या घराबाहेर खांबावर एक छोटी पेटी लावली, आत बोटाएवढी माणसं, छोटे इझल, आणि कुणीही यावं, आपलं छोटं चित्र ठेवावं, आवडलं ते घेऊन जावं. त्याच्या आधी 2009 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावी टॉड बोलनं आपल्या शिक्षिका आईच्या आठवणीत शाळेच्या आकाराची पुस्तकपेटी घराबाहेर उभी केली होती, त्यावरूनच हे सगळं पुढे गेलं. मला हे इतकं आवडलं की झोप लागेना. पणजीला 2016 पासून डिसेंबरात सेरेंडिपिटीचा मोठा कलामहोत्सव होतो, मी जाते, आवडतो मला, पण आमच्या वाड्यावरची म्हातारी माणसं काही पणजीला जाऊन चित्रं बघणार नाहीत आणि वाड्यावरच्या पोरांचं चित्र तिथे कुणी लावणार नाही. ते इथेच, पायवाटेवर, येताजाता दिसायला हवं होतं.

तर पहिली पेटी मी जुन्या शोकेसची केली. सगळ्या फटी सिलिकॉननं बुजवल्या, दाराला फोमची पट्टी लावली, बाजारातल्या एका दुकानातून "मरीन आहे", म्हणजे पाण्यात टिकणारा, म्हणून घेतलेला प्लाय छपराला ठोकला. पहिल्या पावसात प्लायचे पदर सुटून पानांसारखे उलगडले. मरीन प्लायवर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असतो आणि त्या मानकात 72 तास उकळत्या पाण्यात ठेवायची चाचणी आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी दुकानातून एक तुकडा आधी मागून आणते आणि घरी टोपात दुपारभर उकळते. चांगला प्लाय तसाच राहतो, खोटा असेल तर संध्याकाळपर्यंत पदर मोकळे. दुकानदाराला राग येतो, येऊ दे.

पण प्लायचं सोडा, खरी चूक पेटी बंद करण्यात होती. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, आणि हवा तर सदाच दमट. तुम्ही पेटी कितीही घट्ट बंद करा, बंद करताना आत जी हवा कोंडली ती दमटच ना, शिवाय लाकूड आणि कागद दोघांतही ओल असतेच. दिवसा पेटी तापते, ती ओल हवेत येते, रात्री काच गार पडते आणि तेच पाणी काचेला आतून धरतं. बाहेर पडायला जागा नाही. बुरशीला तर हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर गेली की पुरे, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती नव्वदला टेकलेली असते. मी सिलिका जेलच्या पुड्या पण टाकून बघितल्या, निळ्याच्या गुलाबी व्हायला दोन दिवस लागले नाहीत.

मग मी आमच्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावलं. आमच्या घराचं छप्पर, देवळातलं लाकूडकाम सगळं त्यानंच केलेलं. त्यानं पेटी बघितली, दार उघडून आत हात फिरवला, आणि म्हणाला, "उदक येतलेंच बाय, ताका वाट दी." म्हणजे पाणी येणारच, त्याला वाट दे. आणि मला हाताला धरून पायवाटेच्या वळणावरच्या घुमटीपाशी, म्हणजे छोट्या देवळीपाशी, घेऊन गेला. रोज हात जोडते मी तिथे, पण कधी नीट बघितलंच नव्हतं. पुढे काचेचं दार, आत देव, तेलाचा दिवा. आणि वर, मागच्या बाजूला, छपराच्या सावलीत एक भोक, दिव्याला हवा हवी म्हणून, त्याच्याभोवती काजळी. काचेच्या दाराखाली करंगळी जाईल एवढी फट. आतली जमीन पुढच्या बाजूला किंचित उतरती. पाऊस आत गेला तरी थांबत नाही. नंतर मग मी वेड्यासारखी सगळीकडे बघत सुटले, रस्त्याकडेचे खुरीस म्हणजे क्रूस, त्यातल्या काचेच्या कप्प्यात ठेवलेले ख्रिस्ती संत सांत आंतोन, जुन्या घरांचे देव्हारे, आणि जे जुने टिकलेत त्या बहुतेकांना कुठेतरी असं वर भोक आणि खाली फट सापडलीच. बाहेर उघड्यावर छोटी पेटी कशी टिकवायची हे आपल्या लोकांना किती वर्षांपासून माहीत आहे, आणि मी मोबाईलवर परदेशातले प्लॅन बघत होते.

दुसरी पेटी मेस्तानं आणि मी मिळून केली, आणि तिचं मी जरा सविस्तर सांगते कारण बरेच जण विचारतात.

आतलं माप 45 सेंटिमीटर रुंद, 35 उंच, 25 खोल. लाकूड फणसाचं. छपराला प्लाय नाहीच, तीन मंगळुरी कौलं, चांगल्या उतारावर, आणि कौलं अन् पेटीचं डोकं यात बोटभर पोकळी. ती पोकळी मेस्ताचीच कल्पना, ऊन कौलावर पडतं, पेटीवर नाही, मे महिन्यात हात लावून बघा, फरक कळतो. कौलं पुढे दहा सेंटिमीटर बाहेर काढलीत. आणि कौलाखालच्या लाकडी पट्टीला खालून एक खाच मारलीय, पेन्सिल बसेल एवढी. ही खाच मला सगळ्यात आवडते. पाऊस पडत असताना छत्री घेऊन उभं राहून बघितलंय मी, थेंब कडेवरून खाली वळतो, पट्टीच्या पोटाला चिकटून आत पेटीकडे सरकायला लागतो, खाचेपाशी येतो, थांबतो, फुगतो आणि टपकन खाली पडतो. खाच नसती तर तो सरळ दारापर्यंत गेला असता.

तळाला दोन भोकं, वर मागे दोन, सगळ्यांना आतून स्टीलची जाळी. दार चौकटीच्या आत बसत नाही, चौकटीवर बाहेरून चढतं, वर आणि दोन्ही बाजूंना पोकळ रबराची नळीपट्टी, खाली काही नाही, तीन मिलिमीटर फट सोडलेली. फोम तर अजिबात लावू नका, स्पंजसारखा भिजून आठवडाभर ओला राहतो. बिजागऱ्या पितळेच्या आणि स्क्रूपण पितळेचेच. कुलूप नाही. आधी लोहचुंबकाचा कॅच होता, तो गंजून फुगला, आता लाकडाची फिरती पट्टी आहे, पाच वर्षांच्या पोरालाही फिरवता येते.

काचेऐवजी मी 4 मिलिमीटरचं अॅक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक, घेतलं कारण पायवाटेवर पोरं क्रिकेट खेळतात. पॉलिकार्बोनेट जास्त दणकट असतं, पण त्यावर ऊन सोसणारा थर नसेल तर पिवळं पडतं. अॅक्रिलिक उन्हात चांगलं टिकतं, फक्त ते उन्हानं वाढतं, अर्धा मीटरची शीट आणि तापमानात तीसेक अंशांचा फरक असेल तर साधारण एक मिलिमीटर. म्हणून स्क्रू 4 चा तर भोक 6 चं पाडायचं, आणि स्क्रू करकचून आवळायचा नाही. माझ्या पहिल्या शीटला कोपऱ्यातून तडा गेला तो ह्यामुळेच. आणि काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे मारू नका त्यावर, बारीक बारीक रेघा उठून सगळं धुरकट होतं. साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं.

उंचीबद्दल वाद झाला घरात. संग्रहालयात चित्राचा मध्य जमिनीपासून दीडेक मीटरवर धरतात, म्हणजे उभ्या मोठ्या माणसाच्या नजरेला. पण आमच्या पेटीचे गिऱ्हाईक म्हणजे शाळेतून येणारी पोरं आणि काठी टेकत देवळाला जाणाऱ्या आज्या. मी मध्य 110 सेंटिमीटरवर घेतला. मोठ्यांना थोडं वाकावं लागतं. वाकू दे.

तोंड कुठे करायचं हा त्याहून मोठा प्रश्न. पावसाचा मारा नैऋत्येकडून, म्हणून दार पश्चिम-दक्षिणेला नकोच. उत्तरेला केलं. पण एक गोष्ट मला नव्यानं कळली, गोवा साडेपंधरा अंशांच्या आसपास आहे ना, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेचं दारही मे महिन्यात पूर्ण सावलीत नाही. संग्रहालयात कागदावरच्या चित्रावर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड पडू देत नाहीत आणि भर दुपारचं ऊन म्हणजे एक लाख लक्स! आता आंब्याच्या फांदीची सावली आहे तिथे, म्हणून निभावतं.

रंगांचं तर मी प्रत्येक आईबापाला सांगते. स्केचपेनची शाई पाण्यातही जाते आणि उन्हातही. मी एक कागद अर्धा झाकून एप्रिलभर पेटीत ठेवला होता, उघडी बाजू महिनाभरात फिकट झाली, जांभळा तर दिसेनासाच झाला. हळदीचा पिवळा त्याहून नाजूक. आणि आपल्या जुन्या देवळांवरची कावी बघा. चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा काढायचा, असं ते काम. तो लाल म्हणजे लोहाचं ऑक्साईड, आपल्या मातीलाच लाल करणारं, त्याला उन्हानं काही होत नाही. पणजीच्या फोंतेन्यांश भागातल्या बाहेर लावलेल्या निळ्या टाइल्सचंही तसंच, रंग भट्टीत भाजून चकाकीच्याच थरात बसलेला, त्यामुळे पाऊस लागला तरी काय बिघडणार. म्हणून मी आता पोरांना काव, कोळसा आणि चुना देते. सुरुवातीला तोंडं वाकडी केली सगळ्यांनी, तीनच रंग म्हणून. मग एकानं कोळशानं रेड्यांची जोडी काढली, काय काढली! ती आज आमच्या भिंतीवर आहे, मी पेटीतून घेतली आणि बदल्यात माझं एक चित्र ठेवलं.

आणि शेवटी एक निर्णय मी घेतला, जो दोन पावसाळे हट्ट करून झाल्यावर घेतला. जून ते सप्टेंबर पेटीत कागद नाही. पेटी कितीही चांगली करा, हवाच ओली असेल तर कागद ओला होणारच, दिवे पंखे लावून ते बदलायची ऐपतही नाही आणि इच्छाही नाही. पावसाळ्यात माती, करवंटी, दगड, भाजलेली टाइल. हे ठरवल्यावर पेटी रिकामी राहील असं वाटलं होतं. उलटंच झालं. चवथीआधी गणपतीच्या चित्रशाळेतून उरलेल्या मातीचा गोळा मागून आणला आणि पोरांनी उंदीर, बेडूक, खेकडे केले, एका काकांनी, जे कधी कुणाशी फारसं बोलत नाहीत, करवंटीवर कोरलेलं घुमट, ते आपलं मातीचं वाद्य, आणून ठेवलं, आणि कुणीतरी, कुणी ते अजून कळलं नाही, चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधतात तशा रानफळांची एक बोटभर माटोळी करून पेटीच्या छताला टांगली. तिची फळं सुकत गेली, रंग बदलत गेले, महिनाभर लोक रोज येऊन बघत होते.

देखभाल म्हणाल तर आठवड्याला दहा मिनिटं. खांबाला मुंग्यांसाठी ग्रीसचा पट्टा, धूळ बसली की पुसून नवा. तळाची भोकं बघायची, कारण कुंभारीण माशीला ती फार आवडतात. मागच्या सप्टेंबरात तिनं एका भोकावर मातीचं घर केलं, मी काडीनं काढायला गेले तर आबोलीवाल्या धाकटीनं हात धरला माझा, "हे पण कुणीतरी केलंय ना गं." राहू दिलं. दुसऱ्या भोकानं काम चाललं.

जागेबद्दल एवढंच, आमची पेटी आमच्याच कंपाउंडच्या आत, तोंड फक्त वाटेकडे. वीजखांबाला किंवा रस्त्याकडेच्या झाडाला ठोकू नका, आणि सार्वजनिक जागा हवी असेल तर आधी पंचायतीत जाऊन लेखी घ्या.

आता मोरजीला मावशीच्या घरासमोर आणखी एक लावायचीय, समुद्र अगदी जवळ, तिथे खारं वारं. मावशीच्या गेटचे 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वर्षभरात तपकिरी पडलेत, म्हणून जाळी आणि जे काही स्टील लागेल ते 316 चं आणायला सांगितलंय, महाग आहे पण त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, मिठापुढे तेच तग धरतं. दार पूर्वेला करायचं ठरतंय, पश्चिमेला सरळ समुद्र. खांबाऐवजी चिऱ्याचा छोटा चौथरा बांधायचा मावशीचा आग्रह आहे, तुळशीवृंदावनासारखा, आणि मला तो पटलाय. मेस्त येत्या रविवारी फणसाच्या फळ्या बघायला येतोय.