चेंगदूच्या गल्लीत तिरफळाची चव

आईने तोफूचा पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "अरे, ह्येच्यात तिरफळां आसत."

ती मालवणची. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालण्यात तिचा जन्म गेला, तेव्हा तिची जीभ चुकणार नव्हती. आम्ही बसलो होतो सिचुआन प्रांताच्या राजधानीत, चेंगदूमध्ये, वेन्शू मठाजवळच्या गल्लीतल्या आठ टेबलांच्या जुन्या खानावळीत. धाकटा भाऊ कामानिमित्त वर्षभर त्या शहरात आहे, म्हणून आईला घेऊन गेलो होतो.

तिथे त्या मसाल्याला ह्वाच्याओ म्हणतात. ते आणि आपलं तिरफळ एकाच प्रजातीगटातले, झँथोझायलम, कूळ लिंबू-संत्र्याचं. आतली काळी बी टाकायची आणि साल तेवढी वापरायची, हेही दोन्हीकडे सारखंच. आपण तिरफळ रश्शात सोडतो आणि जेवताना ताटाच्या कडेला काढतो. सिचुआनी आचारी तोफूवर शेवटी ह्वाच्याओची भाजून कुटलेली पूड भुरभुरतो, त्यामुळे ती थेट ओठांवर येते. मग ज्या मुंग्या येतात, त्या लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मोजल्या: सेकंदाला साधारण ५० वेळा थरथर. पहिल्यांदा खाणाऱ्याने घाबरून पाणी पिऊ नये. दोन घास साधा भात खावा आणि थोडं थांबावं, हळूहळू जीभ ताळ्यावर येते.

हा तोफू म्हणजे मापो तोफू. १८६२ साली शहराच्या उत्तरेला वानफू पुलाजवळ छन आडनावाच्या कुटुंबाची खानावळ होती. तिथली बाई तेलाचे हमाल आणि वाटसरूंना तो करून घाली, असं सांगतात. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, म्हणून 'मापो', वणांची म्हातारी. जिभेला येणाऱ्या मुंग्यांसाठीचा चिनी शब्दही 'मा'च, आणि लिहितातही त्याच अक्षराने. आमच्यासमोर वाडगा आला तेव्हा तेल अजून बुडबुडत होतं. हा पदार्थ चटका बसेल इतका गरमच खायचा असतो. गार झाला की तेल वर साकळतं आणि चव मंदावते. फोटो काढत बसू नका.

आता एक सूचना, आपल्याकडच्या पुष्कळांसाठी महत्त्वाची. मूळ मापो तोफूत गोमांसाचा खिमा असतो, काही ठिकाणी डुकराचा. मेनूतल्या चित्रात तो दिसतोच असं नाही. आम्ही आधी सांगितलं, आचाऱ्याने खिम्याशिवाय करून दिला आणि तरी तो उत्तम झाला, कारण सगळी मदार तोउपान-च्यांगवर असते. मिरची आणि एक प्रकारच्या वालाच्या दाण्यांची ही आंबवलेली लाल चटणी, चेंगदूजवळच्या फीश्येनची नावाजलेली.

शाकाहारी असाल तर "भाजी" या शब्दावर विसंबू नका. परतलेल्या फरसबीत खिमा असतो, वांग्यातही बऱ्याचदा असतो, आणि साध्या पालेभाजीला डुकराच्या चरबीची फोडणी असू शकते. भाषांतराच्या अॅपमध्ये "मी मांस, मासे, खिमा, मांसाचं पाणी आणि डुकराची चरबी खात नाही" हे वाक्य चिनीत करून त्याचं चित्र फोनमध्ये ठेवा. नुसतं "वो छ् सू" म्हटलं तर मी शाकाहारी, एवढं कळतं, पण चरबीचं वेगळं सांगावं लागतं. अगदी कडक पाळणाऱ्यांनी वेन्शू मठातच जेवावं. वेन्शू म्हणजे आपल्या बौद्ध परंपरेतला मंजुश्री बोधिसत्त्व. तिथल्या भोजनगृहात पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईला मी तिथेच नेलं आणि ती निर्धास्त जेवली.

मुंबई-पुण्यात "शेजवान" खाऊन वाढलेल्यांना वाटतं की सिचुआन म्हणजे लाल आणि जहाल. ते नाव सिचुआनचंच, पण आपल्या शेजवान चटणीत ह्वाच्याओ नसतं, लसूण-मिरचीचाच जोर. आणि सिचुआनचे आचारी चवींचे चोवीस ठरीव मेळ मानतात, त्यातले कितीतरी मुळीच तिखट नसतात. चारही पदार्थ लाल मागवलेत तर तुम्ही सिचुआनी जेवण जेवलाच नाहीत, असं मला मनापासून वाटतं. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब पाहा: एक झणझणीत, एक आंबटगोड, एक हिरवी भाजी, एक साधं पाण्यासारखं सूप. आम्हीही तसंच मागवलं. यू-श्यांग वांगं आलं. नावाचा अर्थ 'माशाच्या वासाचं', पण त्यात मासा नसतो. माशाला घालतात तो खारवलेली मिरची, आलं, लसूण, साखर, व्हिनेगर असा मसाला वांग्याला. आईला सगळ्यात तेच आवडलं. कुंगपाओ कोंबडीत शेंगदाणे आणि सुक्या मिरच्या असतात. मिरच्या वासासाठी घातलेल्या, त्या बाजूला सारायच्या. तिंग पाओचन या एकोणिसाव्या शतकातल्या सिचुआनच्या सुभेदाराच्या पदवीवरून तिचं नाव पडलं. भावाने ह्वेइक्वो-रोऊ घेतलं. डुकराचं मांस आधी उकडून, काप करून पुन्हा कढईत परततात. कापांच्या कडा वळून ते पणतीसारखे खोलगट झाले पाहिजेत, हीच तिथली परीक्षा, आणि चिनीतही त्याला दिव्याच्या वाटीचंच नाव आहे.

भात वेगळा मागावा लागतो आणि बरेचदा उशिरा येतो, म्हणून सुरुवातीलाच सांगा. बरोबर फाओत्साय विचारा. काठाच्या खोबणीत पाणी भरून हवाबंद केलेल्या बरणीत मुरवलेला हा मुळा-कोबी कुरकुरीत, हलका आंबट असतो. तिखटावर त्याच्याइतका उतारा नाही. तिखट कमी हवं तर "वेइ-ला". आम्ही म्हटलं, तरी आमच्या मानाने तिखटच होतं.

वेळ सांभाळा. पहिल्या दिवशी दुपारी सव्वादोनला एका ठिकाणी पोचलो तर चूल विझलेली, आणि आईला संध्याकाळपर्यंत बिस्किटांवर काढावं लागलं. दुपारी साडेअकरा ते साडेबारा आणि संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात जा. बहुतेक ठिकाणी टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करून मागवायचं असतं, त्यामुळे पैसे भरायचं अलीपे किंवा वीचॅट हे अॅप निघण्याआधी घरीच सुरू करून त्यात आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून बघा. थोडे रोख युआनही जवळ असावेत. गूगलचे नकाशे तिथे उपयोगाचे नाहीत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले वाटी-चमचे किंवा कागदी रुमाल यांचे एक-दोन युआन बिलात लागतात, ती फसवणूक नव्हे. टीप देण्याची रीत नाही. आमचं तिघांचं बिल दोनशे युआनच्या आत, म्हणजे साधारण अडीच हजार रुपयांच्या आत आलं. मेट्रोच्या १ नंबरच्या मार्गावर वेन्शू मठाचं स्वतःचं स्थानक आहे, तिथून चालत जाता येतं.

जेवून निघताना आईने भावाला विचारायला लावलं, की पूड कधी घालता. आचारी हात पुसत बाहेर आला, मूठभर ह्वाच्याओ तिच्या तळहातावर ठेवले आणि चोळायची खूण केली. तिने चोळून वास घेतला. तो म्हणाला, कढई उतरवल्यावर, सगळ्यात शेवटी. "आमच्याकडेय शेवटीच," आई म्हणाली, मराठीतच, आणि भावाने त्याला ते चिनीत सांगितलं.