लाट कुठल्या रकान्यात?

बडोद्याला जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात, सगळा गढूळ चिखल. तिथं सर्फिंग म्हणजे थट्टाच. पण आमच्या ऑफिसात कामं सगळ्या किनाऱ्यांची येतात: जेट्ट्या, धूपप्रतिबंधक बंधारे, सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नकाशे. परवा तमिळनाडूतल्या एका मच्छीमार गावाच्या ब्रेकवॉटरचा, म्हणजे लाटा अडवणाऱ्या भिंतीचा, अहवाल जायचा होता. त्याआधी गावकऱ्यांशी व्हिडिओ कॉल, साहेबांच्या मते निव्वळ उपचार.

पडद्यावर एक पोरगा आला. बाप मासेमारी करतो, हा सर्फिंग शिकवतो. तोडक्या हिंदीत म्हणाला, "सर, आपका दीवार बनेगा तो लहर खतम."

मी खोलीचा नकाशा उघडून दाखवला. नदीच्या मुखासमोर दोन मीटर खोलीची रेषा जिभेसारखी समुद्रात शिरली होती. वाळूचा दांडा. आमच्या लेखी नुसता गाळ. माउस कुठं न्यायचा ते तो सांगू लागला, "थोडा ऊपर... और... बस. यहीं टूटता है." माउस बरोबर जिभेच्या टोकावर होता! सर्व्हेची बोट भाड्यानं घेऊन आम्ही जे मोजलं, ते याला पाठ.

पुढचं उघड होतं. त्या किनाऱ्यावर वाळू वर्षाकाठी एकंदरीत उत्तरेकडे सरकते आणि आमची भिंत दांड्याच्या दक्षिणेला. वाळू भिंतीशी अडणार, दांडा झिजणार, त्यावर फुटणारी लाट जाणार. पुदुच्चेरीत बंदराच्या भिंतींनी हेच केलं, शहरासमोरची पुळण गेली. स्पेनमध्ये मुंदाकाला नदीमुखातली वाळू उपसली, लाट बिघडली आणि 2005 ची सर्फिंग स्पर्धा रद्द झाली. तिथं वाळू पुन्हा साठली, लाट परतली. उपसा थांबवता येतो. बांधलेली भिंत कोण काढतो?

पण अहवालात हे लिहायचं कुठं? सीआरझेडच्या यादीत कांदळवनं आहेत, प्रवाळ आहेत, कासवांच्या विणीच्या जागा आहेत. समुद्राचं पाणीही 12 सागरी मैलांपर्यंत येतं. लाटेला रकाना नाही. पेरूनं सर्फिंगच्या लाटांसाठी 2000 सालीच कायदा केलाय.

साहेब वैतागले. "अहो, चार पोरांच्या खेळापायी मॉडेल पुन्हा चालवायचं? बिल कोण भरणार?"

"होड्या ओढायची पुळणही त्याच वाळूची आहे, सर."

ते जरा थांबले. "मग धूप म्हणून घाला. लाटेचं नको."

मी धूप घातली, खाली लाटेचा परिच्छेदही ठेवला. साहेबांनी वाचला, काही न बोलता सही केली. अहवाल उशिरा गेला. जादा कामाचे पैसे द्यायला क्लायंटनं साफ नकार दिला. भिंतीसाठी दुसरी जागा तपासा, असं मात्र कळवलंय.