मेडलीची वाट

इंग्लंडमधल्या श्रूजबरीहून सेव्हर्न नदीच्या कडेकडेने निघाले. मेडलीला, अठराव्या शतकातल्या मेथडिस्ट उपदेशिका मेरी फ्लेचरबाईंच्या कबरीपाशी जायचं, एवढंच मनात. पहिला दिवस कुठे संपला नि दुसरा कुठे लागला, आता सांगता येत नाही. पाऊस, चिखल, गुरांची कुंपणं. रॉक्सिटरचे रोमन अवशेष बाजूलाच राहिले.

क्रेसेजच्या अलीकडे डाव्या टाचेचा फोड फुटला. मोजा कातडीला चिकटलेला. एका फाटकाशी बसले, तर तोंडी प्रार्थना येईना, नुसता संताप. तेवढ्यात आतून एक म्हातारी आली. कोण, कुठली, काही विचारलं नाही. पसरट भांड्यात कोमट मिठाचं पाणी घेऊन आली, गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि मोजा भिजवून भिजवून हलकेच सोडवला. मी "नको, नको" म्हणत होते. तिने टाच टॉवेलने टिपून पट्टी लावली. बोटांना कांद्याचा वास होता तिच्या.

माझ्या आजीच्याही बोटांना असायचा. आजी बायबलबाई. गावोगाव अनवाणी फिरून वचन सांगायची आणि रात्री परातीत पाय सोडून बसायची. ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात नावं आहेत ती पाळकांची. अजून राग येतो मला.

म्हणून तर मेरीबाई माझ्या. 1763 मध्ये लेटनस्टोनला सारा रायनबरोबर त्यांनी अनाथांसाठी घर उघडलं; सारा एके काळी लोकांच्या घरी राबलेली बाई. 1771 मध्ये मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्लींना पत्र लिहून मेरीबाईंनी बाईने संदेश द्यावा हे शास्त्राच्या आधाराने मांडलं, आणि वेस्लींनीही त्यांचं असाधारण पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, मानलं. 1785 मध्ये पती, मेडलीचे पाळक, गेले. पुढे 30 वर्षं त्या मेडलीतच राहिल्या, पाळकघराच्या कोठारात लोकांना वचन सांगत. मेथडिस्टांच्या 1803 च्या कॉन्फरन्सने, म्हणजे वार्षिक सभेने, ठरवलं, बायकांनी बोलायचं ते बायकांपुढेच, तेही परवानगीने. मेरीबाई बोलतच राहिल्या.

बिल्डवसचा मठ मागे गेला. आयर्नब्रिजला लोखंडी पुलापाशी फोटोंसाठी ही गर्दी. मी लंगडत चढ चढले.

कबर ओतीव लोखंडाची, नवराबायको दोघांची. हात ठेवला, गार लागलं. आजीचं आवडतं गीत म्हणायचं ठरवून आले होते. पहिल्या कडव्यालाच घसा दाटला. टाचेवरची पट्टी बुटात सरकली होती. वाकून ती नीट केली आणि दुसरं कडवं सुरू केलं.