पडद्याच्या दोरीकडचे भाई

आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीचे नाटक सातव्या रात्री असते. कुठल्या वर्षी कुठले नाटक झाले हे विचाराल तर निम्म्यांची नावे मला आठवणार नाहीत. दर्शनी पडदा कोण ओढायचे ते मात्र झोपेतही सांगेन. भाई. तीनदा ग्रामपंचायतीवर पंच (म्हणजे सदस्य) म्हणून निवडून आलेला माणूस, पण रंगमंचावर भूमिका मिळाली ती एकदाच, दूताची. "महाराज, शत्रू वेशीवर आला आहे" एवढेच वाक्य. भाईंनी ते हात जोडून, कोपरा सभेच्या सुरात असे काही म्हटले की आता पुढे "बंधू-भगिनींनो" येणार म्हणून आम्ही पोरे विंगेत लोळलो. त्यानंतर त्यांनी आपणहून दोरी धरली.

गोव्यात सार्वजनिक गणपती म्हणजे कूपने आलीच. मोठ्या मंडळांचे पहिले बक्षीस चारचाकी, आमचे स्कूटर. भाई कूपनांची दोन-तीन बुके घेऊन पंचायतीत बसायचे. दाखल्याला आलेल्या माणसाला पंचच "घे रे एक" म्हणाल्यावर तो नको कसा म्हणणार? बाबांना हे अजिबात पटत नसे. "दाखल्याची फी, वर गणपतीची पट्टी," असे ते देवळाच्या पायरीवर चारचौघांत बोलले. भाईंच्या कानावर ते गेलेच. पुढच्या वर्षी ते बुक घेऊन घरोघरी फिरले आणि पहिले घर आमचे घेतले. बाबांनी दोन कूपने घेतली. लागले काहीच नाही.

यात मतांचे गणित नव्हते असे मी म्हणणार नाही. प्रभाग एवढासा, एकेक घर मोजून ठेवलेले. पण मतांसाठी कुणी शिडीवर दोन-दोन तास उभे राहात नाही. चवथीच्या आदल्या दिवशी मंडपाची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-रानफळांची चौकट, भाईच बांधायचे. बांधायला केवणीच्या सालीची वाक दातांत धरलेली, खांद्यावर सुपारीचे कातरे, आणि खाली आम्ही एकेक वस्तू वर देणार: आंबाडे, तोरिंग, चिबूड, माट्टुल, घागऱ्या. नारळाची पेंड मधोमध आली नाही तर सगळे सोडून पुन्हा बांधायचे. आरतीत वाजवायची मातीची घुमटे घोरपडीच्या कातड्याने मढवणे बंद करायलाही तेच मागे लागले होते. बकरीच्या कातड्याला तो नाद नाही म्हणून म्हातारी मंडळी कुरकुरली, आरतीला मात्र तीच सगळ्यांत पुढे.

कोविडची दोन वर्षे नाटक झालेच नाही. मग 2022 साली 10 ऑगस्टला गोव्यातल्या 186 पंचायतींसाठी मतदान झाले, 12 ला निकाल लागला आणि भाई पडले. तेही वाड्यावरच्याच एका पोराकडून, ज्याला त्यांनी माटोळी बांधायला शिकवले होते. चवथ 31 ला. मंडळाच्या बैठकीत कुणी तोंड उघडेना. भाईंना बोलवायचे की नाही, बोलावले तर समई कुणी लावायची?

30 तारखेला सकाळी भाई मंडपात हजर. सोबत शिडी.

"ही पंचायतीची नव्हे हां, माझी," म्हणाले आणि वर चढले.

सातव्या रात्री दुसऱ्या अंकात राजा सिंहासनावरून उठतो न उठतो तोच वीज गेली. आधी अशा वेळी भाई लाइनमनला फोन करायचे आणि पंधरा मिनिटांत दिवे यायचे. सवयीने त्यांनी खिशातून मोबाइल काढला. उजेडात त्यांचा चेहरा क्षणभर दिसला. मग त्यांनी नव्या पंचाला हाक मारून नंबर दिला. पोरगा घाईघाईने लावायला लागला.

"थांब रे," दोरी न सोडता भाई म्हणाले. "आधी जेवला का ते विचार. त्याच्याही घरी गणपती आहे."